वर्ग, उपवर्ग आणि अधिकार

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी सिद्ध केलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या कथारूप खेळात पात्रांचे तीनच वर्ग होते : योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपदेशक. १९७५ मध्ये चोराची भर पडली. १९७८ च्या नियमग्रंथात ‘पॅलडिन’ हा धर्मवीर योद्ध्याचा उपवर्ग ठरला; मात्र त्यास मानववंशातील जन्म आणि फाशांनी दिलेला किमान १७ गुणांचा व्यक्तिप्रभाव आवश्यक होता. म्हणजे उपवर्ग हा दैवायत्त अधिकार होता. २००० च्या आवृत्तीने या दोन्ही अटी काढल्या. २०१४ मध्ये प्रत्येक वर्गाला उपवर्ग लाभले व त्यांची निवड खेळाडूच्या हाती आली. जन्माने अडलेली वाट स्वेच्छेने चोखाळता येऊ लागली, हेच या इतिहासाचे मर्म होय.