शाईपूर्वीची समीक्षा : अ‍ॅनिमेशन-शिक्षणातील एका प्रथेचा इतिहास

विद्यार्थ्याच्या अ‍ॅनिमेशनपटावर तो घडत असतानाच टप्प्याटप्प्याने अभिप्राय देण्याची प्रथा आज कलाशाळांत सर्वमान्य असली, तरी तिचा उगम व्यावसायिक स्टुडिओत झाला, आणि तिच्यामागे अध्यापनशास्त्रापेक्षा खर्चाचा हिशेब अधिक होता. चित्रपटाच्या एका सेकंदात २४ चौकटी असतात. त्यामुळे सात मिनिटांच्या लघुपटाच्या चौकटी दहा हजारांवर जातात. पेन्सिलीचे प्रत्येक रेखाटन ‘सेल’ म्हणजे सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यावर शाईने गिरवून मागील बाजूने रंगवावे लागे, आणि हालचालीतील दोष रंगकामानंतर ध्यानात आला, तर अनेकांचे श्रम वाया जात.

लॉस एंजेलिसच्या हायपीरियन अ‍ॅव्हेन्यूवरील डिस्ने स्टुडिओत १९३०च्या दशकाच्या आरंभी यावर ‘पेन्सिल टेस्ट’चा उपाय रूढ झाला. कच्ची रेखाटने शाई चढण्यापूर्वीच चित्रित करून पडद्यावर पाहायची, असे त्याचे स्वरूप होते. हे चित्रण पाहण्याची खोली लहान आणि कोंदट असल्याने तिला ‘स्वेटबॉक्स’ म्हणत. तेथे वॉल्ट डिस्ने, दिग्दर्शक आणि अ‍ॅनिमेटर एकत्र बसत, दृश्य पुन्हा पुन्हा फिरवले जाई आणि सुचवलेल्या दुरुस्त्यांची लेखी नोंद होई. त्यामुळे टीका एकंदर चित्रपटाविषयीच्या आवडीनिवडीत न अडकता विशिष्ट दृश्यातील विशिष्ट हालचालीवर स्थिरावली, आणि ती अशा वेळी होऊ लागली की दुरुस्तीसाठी केवळ कागद बदलावा लागे.

दोष दिसणे आणि त्याचे कारण कळणे या मात्र भिन्न गोष्टी होत. ही उणीव भरून काढण्यासाठी शुनार्ड कलासंस्थेतील शिक्षक डॉन ग्रॅहम यांचे सायंवर्ग १९३२ मध्ये स्टुडिओतच सुरू झाले. नग्नाकृती-रेखाटनाच्या जोडीला त्यांनी ‘कृती-विश्लेषण’ शिकवले. त्यात खऱ्या माणसांच्या आणि प्राण्यांच्या हालचालींचे चित्रण चौकटीगणिक तपासून शरीराचा भार कोठून कोठे सरकतो, याचा अभ्यास होई. २३ डिसेंबर १९३५ रोजी ग्रॅहम यांना लिहिलेल्या टिपणात डिस्ने यांनी रेखाटन, व्यंगचित्रण आणि अभिनयाची जाण अशी चांगल्या अ‍ॅनिमेटरची लक्षणे मांडून पद्धतशीर प्रशिक्षणाची अपेक्षा व्यक्त केली. अशा रीतीने परीक्षकाच्या पसंतीला निश्चित निकषांची जोड मिळू लागली. याच काळात कृती सुरू होण्याआधीची पूर्वतयारी म्हणजे ‘अँटिसिपेशन’, आणि आघाताने आकृती चेपणे व ताणली जाणे म्हणजे ‘स्क्वॉश अँड स्ट्रेच’, अशी परिभाषा घडली. डिस्नेचे अ‍ॅनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ मध्ये आपल्या ग्रंथात तिची बारा तत्त्वांत मांडणी केली. ‘उडी खोटी वाटते’ एवढे सांगून न थांबता ‘उडीपूर्वी पात्र वाकलेले नाही’ असे दाखवून देणे या परिभाषेमुळे सुकर झाले.

शुनार्ड संस्थेचे १९६१ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका संगीतशाळेशी विलीनीकरण होऊन ‘कॅलआर्ट्‌स’ ही संस्था निर्माण झाली, आणि १९७५ मध्ये तेथे पात्र-अ‍ॅनिमेशनचा अभ्यासक्रम सुरू होऊन डिस्नेतील ज्येष्ठ कलावंत अध्यापनासाठी आले. पहिल्या विद्यार्थ्यांपैकी जॉन लॅसेटर यांना १९७९ आणि १९८० या वर्षांच्या लघुपटांसाठी विद्यार्थी अकादमी पुरस्कार मिळाले. स्टुडिओची रीत शाळेत आली तेव्हा तिच्यात एक मूलभूत फरक पडला. स्टुडिओत चित्रपट संस्थेचा असल्याने शेरा हा आदेश असे. शाळेत चित्रपट विद्यार्थ्याचा असल्याने त्याला काय सांगायचे आहे हे आधी विचारून मगच, ते पडद्यावर पोहोचते की नाही, हे सांगणे शिक्षकाला भाग पडले.

मुंबईशी या परंपरेचा संबंध थेट आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१५च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ केली ती स्वतःच्या प्रयोगांच्या बळावर. परंतु फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात १९५६ मध्ये अमेरिकी तांत्रिक साहाय्याखाली डिस्नेतील अनुभवी अ‍ॅनिमेटर क्लेअर वीक्स आले आणि राम मोहन यांच्यासह तेथील तरुण चित्रकारांना स्टुडिओपद्धतीचे शिक्षण मिळाले. जातककथेवरील ‘द बनियन डिअर’ हा १९५७चा चित्रपट त्याच प्रशिक्षणाचे फलित होय. पुढे राम मोहन यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ उभारून अनेक अ‍ॅनिमेटर घडवले.

संगणकामुळे सेल आणि शाई दोन्ही मागे पडली. कथाचित्रे ध्वनीसह जोडून केलेला ‘अ‍ॅनिमॅटिक’ हा कच्चा आराखडा आता पेन्सिल टेस्टच्याही आधी तपासता येतो. तरीही कथेची रचना आराखड्यात, हालचाल कच्च्या रेखाटनात आणि रंग-ध्वनी शेवटी तपासावेत, हा क्रम उलटवणे आजही महागात पडते. पूर्ण झालेल्या लघुपटाविषयी सांगितलेला कथेतील दोष कितीही अचूक असला, तरी तो त्या चित्रपटाचे केवळ परीक्षण ठरतो. त्याच चित्रपटाला उपयोगी पडणारे अध्यापन चित्र पुसता येण्याजोगे असतानाच करावे लागते.