समुद्रातला धूर कुणाच्या नावावर?

कुठल्याही श्रीमंत देशाचा हरितगृह वायूंचा अधिकृत हिशेब उघडून बघा. वीज, कारखाने, वाहतूक, शेती, कचरा अशा एकेक ओळी येतात आणि खाली एकूण बेरीज. त्या बेरजेच्याही खाली, पंगतीत पान न मांडलेल्या पाहुण्यासारखी अजून एक ओळ असते: ‘मेमो आयटम्स - इंटरनॅशनल बंकर्स’. म्हणजे आपल्या बंदरात परदेशी फेऱ्यांच्या जहाजांनी (आणि विमानतळावर विमानांनी) जे इंधन भरून घेतलं, त्याचा धूर. हा आकडा लिहायचा, पण बेरजेत धरायचा नाही असा नियम आहे. आणि हा नियम सगळ्यांना सारखाच. त्यामुळे सगळ्या देशांच्या बेरजा एकत्र केल्या तरी जगाची बेरीज काही जमत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘कंट्री’च्या रकान्यात नल. आणि नल म्हणजे शून्य नव्हे, हे आपल्या धंद्यात पहिल्याच वर्षी शिकवतात.

हा नल केवढा? आयएमओ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची लंडनमधली सागरी संघटना, तिच्या चौथ्या अभ्यासानुसार २०१८ साली जगातल्या सगळ्या जहाजांनी मिळून १०५ कोटी टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडला. त्यातला आंतरराष्ट्रीय किती? इथे मजा आहे. एकाच अहवालात दोन उत्तरं आहेत. एका पद्धतीने ७४ कोटी टन, दुसरीने जवळपास ९२ कोटी टन. पहिल्या पद्धतीत प्रत्येक फेरी बघतात: दोन टोकांची बंदरं वेगवेगळ्या देशांत असली तरच ती आंतरराष्ट्रीय. दुसरीत जहाजाचा प्रकार आणि आकार बघतात. हे मोठं कंटेनर जहाज आहे, सहसा परदेशीच फिरतं, मग त्याचा सगळाच धूर आंतरराष्ट्रीय. दोन व्याख्यांमधला फरक १८ कोटी टन, म्हणजे नेदरलंड्सच्या वर्षभराच्या उत्सर्जनाहून जास्त! धूर तेवढाच आहे, फक्त क्वेरी बदलली.

हा रकाना रिकामा राहिला तो काही कुणी भरायला विसरलं म्हणून नाही. त्याच्यामागे शंभर वर्षांची गोष्ट आहे आणि ती चक्क दारूपासून सुरू होते.

अमेरिकेत १९२० साली दारूबंदी आली. ऑक्टोबर १९२२ मध्ये तिथल्या अ‍ॅटर्नी जनरलने मत दिलं की अमेरिकी झेंड्याचं जहाज जगात कुठेही असो, त्यावर दारू चालणार नाही. आता अटलांटिक ओलांडायला आठवडाभर लागायचा, आणि शेजारच्या ब्रिटिश जहाजावर बार उघडा. कोरड्या जहाजाचं तिकीट कोण काढणार? युनायटेड अमेरिकन लाइन्स या कंपनीची ‘रिलायन्स’ आणि ‘रेझोल्यूट’ ही दोन मोठी प्रवासी जहाजं त्याच वर्षी पनामाच्या झेंड्याखाली गेली. मालक तोच, मार्ग तोच. बदललं फक्त मागे लिहिलेलं बंदराचं नाव, आणि बार उघडला.

(त्याच्या तीनच वर्षं आधी, ५ एप्रिल १९१९ ला, वालचंद हिराचंद आणि मंडळींच्या सिंधिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघालं होतं. ब्रिटिश कंपन्यांच्या मक्तेदारीत हिंदी मालकीचं जहाज चालवायचं म्हणून केवढी ती धडपड! तो दिवस आपण अजून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. एकाच काळात एकीकडे आपलं म्हणून जहाज हवं होतं, आणि दुसरीकडे आपला झेंडा नकोसा झाला होता. असो.)

दारूबंदी १९३३ साली गेली, पण युक्ती राहिली. परक्या झेंड्याखाली गेलं की कर कमी, खलाशांचे पगार कमी, तपासण्याही कमी, हे जहाजमालकांच्या चांगलंच लक्षात आलं होतं. १९४८ मध्ये याची पुढची आवृत्ती निघाली. एडवर्ड स्टेटिनियस हे अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री. त्यांच्या पुढाकाराने लायबेरियाने जहाजनोंदणीचा कायदा केला आणि ही नोंदणी चालायची कुठून, तर अमेरिकेतून. जहाजाने लायबेरियाचं तोंडही बघायची गरज नव्हती. हा धंदा इतका चालला की १९६० च्या दशकाच्या अखेरीस नोंदलेल्या टनभाराच्या यादीत लायबेरियाने ब्रिटनला मागे टाकलं. पुढे मार्शल बेटंही आली. त्यांची नोंदणी व्हर्जिनियातून चालते. २००३ मध्ये तर मंगोलियानेही जहाजनोंदणी सुरू केली. मंगोलियाला समुद्र नाही, पण त्याने कुणाचं काही अडलं नाही.

मला या सगळ्यात आवडणारा प्रसंग १९५९-६० सालचा आहे. आयएमओचं तेव्हाचं नाव आयएमसीओ. तिच्या सागरी सुरक्षा समितीत सर्वांत मोठी जहाजमालक राष्ट्रं, निदान आठ, असलीच पाहिजेत असं घटनेत लिहिलं होतं. नोंदलेल्या टनभारात लायबेरिया तिसरा आणि पनामा आठवा. पण पहिल्याच सभेत दोघांनाही निवडलं नाही. ब्रिटन, नॉर्वे वगैरे जुन्या दर्यावर्दी मंडळींचं म्हणणं, ही कसली जहाजमालक राष्ट्रं? जहाजं अमेरिकनांची नाहीतर ग्रीकांची, यांचा फक्त झेंडा. प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला: जहाज कुणाचं? ८ जून १९६० ला न्यायालयाने ९ विरुद्ध ५ मतांनी सांगितलं की समिती चुकीची निवडली आहे. मोठं राष्ट्र कोण ते नोंदणीवरून ठरतं, पाठीमागे पैसे कुणाचे हे खोदत बसायचं नाही.

कायद्याच्या दृष्टीने हे साफ, मोजायला सोपं उत्तर होतं. झेंडा डोळ्यांना दिसतो, खरा मालक दिसत नाही. पण तेव्हा प्रश्न समितीतल्या खुर्च्यांचा होता. छत्तीस वर्षांनी तोच प्रश्न धुराबद्दल आला आणि तेव्हा झेंड्यावाले, मालक, बंदरवाले सगळेच म्हणायला लागले, आमचं काही नाही बुवा.

हे झालं १९९६ मध्ये. हवामान करार १९९२ मध्ये झाला होता, क्योटोची तयारी चालू होती, आणि कराराच्या तांत्रिक उपसमितीपुढे बंकरचा धूर कुणाच्या खाती घालायचा याचे आठ पर्याय ठेवले गेले. (बंकर म्हणजे मुळात जहाजावरची कोळशाची कोठी. कोळसा गेला, रिफायनरीत पेट्रोल-डिझेल काढून उरलेलं डांबरासारखं तेल आलं, नाव तेच राहिलं.) पहिला पर्याय, कुणाच्याच खाती घालू नका. मग इंधन जिथे विकलं तो देश, जहाजाची नोंदणी किंवा चालवणाऱ्या कंपनीचा देश, निघण्याचं किंवा पोचण्याचं बंदर, मालाचा मालक, आपल्या हद्दीत जेवढा धूर निघाला तेवढाच, वगैरे.

प्रत्येक पर्याय तपासून बघा, कुठेतरी भोक सापडतंच. इंधन विकणारा देश धरला तर सिंगापूर मेलं. २०२४ मध्ये तिथे जवळपास साडेपाच कोटी टन बंकर इंधन विकलं गेलं. एक टन तेल जाळलं की साधारण ३.१ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे सुमारे १७ कोटी टन, सिंगापूरच्या स्वतःच्या उत्सर्जनाच्या जवळपास तिप्पट. आणि त्यांनी इंधन महाग केलं तर जहाज दुसरीकडे टाकी भरेल. कंपनीचा देश धरला तर डेन्मार्क वैतागेल. मर्स्क वगैरे डॅनिश कंपन्यांची जहाजं परदेशात जे इंधन भरतात ते धरलं तर देशाचा आकडा दुपटीच्या आसपास जातो. मालावरून ठरवायचं तर एका जहाजावर हजारो मालकांचे कंटेनर, १९९६ मध्ये हा हिशेब करणार कोण? आपल्या हद्दीतला धूर धरला तर मधला अख्खा महासागर सुटला.

आणि झेंडा धरला तर खरी पंचाईत. क्योटोमध्ये बंधन फक्त श्रीमंत देशांवर होतं. पनामा आणि लायबेरिया विकसनशील. म्हणजे ग्रीक मालकाचं, जपानी माल नेणारं जहाज झेंड्यामुळे गरीब देशाचं ठरून सुटलं असतं. उरलेल्यांनी पण झेंडा बदलला असता, त्याला फार वेळ लागत नाही.

तर १९९७ मध्ये क्योटोत ठरलं की श्रीमंत देशांनी हा प्रश्न आयएमओमार्फत सोडवावा. कलम २, उपकलम २. आपण जसं तिकीट दुसऱ्या टीमच्या रांगेत ढकलून देतो तसंच. आणि दुसऱ्या टीमचा नियम बरोबर उलटा. हवामान कराराचं तत्त्व, ज्यांनी जास्त घाण केली त्यांनी आधी निस्तरावं. आयएमओचं तत्त्व, सगळ्या झेंड्यांना एकच नियम. भारत, चीन, ब्राझील, सौदी पहिलं तत्त्व सोडायला तयार नव्हते आणि कारखान्यांच्या बाबतीत मलाही ते पटतं. पण जहाजाच्या बाबतीत त्या तत्त्वाचा फायदा गरिबाला किती आणि झेंडा भाड्याने घेणाऱ्याला किती, हे वर आलंच आहे. पहिला बंधनकारक नियम, नव्या जहाजांची रचना किती इंधन वाचवणारी हवी याचा, मंजूर झाला जुलै २०११ मध्ये. क्योटोनंतर चौदा वर्षांनी, आणि एकमताने चालणाऱ्या आयएमओत त्यासाठी मतदान घ्यावं लागलं.

मधल्या काळात उत्सर्जन थोडं कमी झालं ते मंदीमुळे. २००८ मध्ये तेल भडकलं, मग माल आटला, आणि जहाजांनी वेग कमी केला. इंजिनची ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात लागते. वेग दहा टक्के कमी केला की ताकद सत्तावीस टक्के कमी. वेळ जास्त लागतो ते धरूनही फेरीमागे एकोणीस टक्के इंधन वाचतं. पुढे आयएमओने उद्दिष्टासाठी पायाभूत वर्ष निवडलं तेही २००८, म्हणजे अगदी शिखरावरचं. कुठून मोजायचं हे ज्याला कळतं त्याचं निम्मं काम आधीच झालेलं असतं. :)

मे २०१५ मध्ये लंडनच्या बैठकीत मार्शल बेटांचे परराष्ट्रमंत्री टोनी डी ब्रम स्वतः येऊन बसले. एरवी त्या देशाच्या शिष्टमंडळात नोंदणी चालवणाऱ्या कंपनीची माणसं असायची. मार्शल बेटं म्हणजे पॅसिफिकमधली २९ कंकणद्वीपं आणि ५ बेटं, सरासरी उंची समुद्रापासून सुमारे दोन मीटर, लोकवस्ती चाळीस हजारांच्या घरात. आणि जगातल्या तीन सर्वांत मोठ्या जहाजनोंदण्यांपैकी एक त्यांची. डी ब्रम नऊ वर्षांचे असताना, १ मार्च १९५४ ला, आजोबांबरोबर मासे धरत असताना त्यांनी बिकिनीवरच्या हायड्रोजन बॉम्बचा उजेड पाहिला होता. दुसऱ्यांनी केलेल्याचं आपल्या बेटांवर काय होतं हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी मागणी केली की जहाजांच्या उत्सर्जनाला ठोस उद्दिष्ट ठरवा. म्हणजे ज्या देशाचा झेंडा धुराड्यांमागे फडकत होता तोच म्हणत होता, यावर मर्यादा घाला. तेव्हा कुणी फारसं ऐकलं नाही. त्याच डिसेंबरात पॅरिस कराराच्या मसुद्यात असलेला जहाजांचा उल्लेखही अंतिम मजकुरातून गळला.

डी ब्रम २०१७ मध्ये वारले. एप्रिल २०१८ मध्ये आयएमओने २०५० पर्यंत उत्सर्जन निदान निम्मं करायचं ठरवलं, आणि २०२३ मध्ये २०५० च्या आसपास निव्वळ शून्य. पैशाची गोष्ट मात्र तशीच होती. मार्शल आणि सॉलोमन बेटांनी २०२१ मध्ये टनामागे शंभर डॉलर कर सुचवला होता. एप्रिल २०२५ मध्ये आयएमओने त्याऐवजी इंधनाच्या दर्जाला जोडलेली दंडाची योजना ६३ विरुद्ध १६ मतांनी तत्त्वतः मान्य केली, भारतही बाजूने होता. पॅसिफिकमधली बेटं तटस्थ राहिली, कारण त्यांच्या मते ती फारच मिळमिळीत होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती पक्की व्हायची होती. अमेरिकेने उघड दबाव आणला, सौदीने तहकुबीचा ठराव मांडला आणि ५७ विरुद्ध ४९ मतांनी सगळं वर्षभर पुढे गेलं.

युरोप मात्र थांबला नव्हता. १ जानेवारी २०२४ पासून त्यांनी जहाजांना आपल्या कार्बन बाजारात आणलं. दोन युरोपीय बंदरांमधल्या फेरीचा सगळा धूर मोजायचा आणि बाहेरून येणाऱ्या-जाणाऱ्या फेरीचा निम्मा. ओळखीचं वाटतंय ना? १९९६ च्या आठांमधला निघण्याचं-पोचण्याचं बंदर हाच तो पर्याय, अर्धा कापून. झेंडा कुठलाही असो, इंधन कुठेही भरा, चालत नाही. लोक मध्येच मोरोक्कोत किंवा इजिप्तमध्ये थांबून फेरी छोटी दाखवतील हेही त्यांनी आधीच ओळखलं. टँजियर मेड आणि पूर्व पोर्ट सैद या बंदरांवर कंटेनर चढवण्या-उतरवण्यापुरतं थांबणं फेरीतला थांबा धरायचं नाही, असं नियमात नावानिशी लिहिलं आहे. एज केस म्हणतात ती अशी हाताळावी!

म्हणजे आज न्हावाशेवाहून रॉटरडॅमला थेट कंटेनर जहाज निघालं तर त्याच्या निम्म्या धुराचे पैसे कंपनी युरोपला देते. उरलेल्या निम्म्यावर, म्हणजे आपल्या बाजूच्या निम्म्यावर, अजून कुणीही हक्क सांगितलेला नाही.