मांड्यांचे खापर

वढू बुद्रुकजवळ, तुळापूरला भीमेस मिळणारी इंद्रायणी आळंदीहून वाहत येते. त्या आळंदीची मांड्यांची कथा सर्वश्रुत आहे; तिच्यातील खापराकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

संन्याशाची मुले म्हणून वाळीत टाकलेल्या भावंडांसाठी मुक्ताईने मांडे करायचे ठरवले. विसोबा चाटीने कुंभारांकडून तिला खापर मिळू दिले नाही. तेव्हा ज्ञानदेवांनी योगाग्नीने आपली पाठ तापवली आणि तिच्यावर मांडे भाजले गेले, असे परंपरा सांगते.

तव्यावर का नाही? मांडा हातांवर झुलवत पार कोपरापर्यंत वाढवतात. एवढी तलम पोळी सपाट तव्यावर मावत नाही. तिला पालथ्या मडक्याची फुगीर पाठच लागते. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या १२व्या शतकातील ‘मानसोल्लासा’तही ‘मंडक’ तापलेल्या खापरावरच भाजला जातो. म्हणजे बहिष्कार घालणाऱ्यास स्वयंपाकघराची नेमकी जाण होती! धान्य अडवावे लागले नाही, मातीचे एक भांडे पुरले.

खानदेशी पुरणाचे मांडे आज पुण्यातल्या खाद्यजत्रांत गरमागरम मिळतात. चुलीच्या जागी गॅसची शेगडी आली, तरी तिच्यावर पालथे असते ते खापरच.