फ्लॉपीतल्या ओव्या
१९९६ साली आमच्या कॉलेजच्या संगणक वर्गात चपला बाहेर काढून जावे लागे. एका संगणकापुढे आम्ही तिघीजणी. मराठी टायपिंगच्या सरावासाठी मी आजीच्या जात्यावरच्या ओव्या उतरवल्या, फ्लॉपीत ठेवल्या.

काही वर्षांनी दुसऱ्या संगणकावर फाइल उघडली, तर नुसती इंग्रजी अक्षरे नि चिन्हे! तेव्हाचे बहुतेक मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर मराठी आकार बसवीत. फॉन्ट नसला, की मराठीही नाही. देवनागरीला स्वतःचे क्रमांक देणारे युनिकोड १९९१ मध्येच आले होते. विंडोजमध्ये त्याची सोय झाली २००० साली.

आजी तोवर गेली होती. वर्गातल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर काढलेला एक कागद आईने जपला होता. त्यावरूनच त्या ओव्या मी युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केल्या.