पुठ्ठ्याची गिटार

प्रयोगशाळेतला नादकाटा वाजवून नुसता हातात धरला, तर त्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही. तोच टेबलावर टेकवला की साऱ्या वर्गाला ऐकू येतो. काटा थोडीशीच हवा हलवतो, टेबलाची फळी पुष्कळ हलवते. गिटारमध्येही हेच घडते. एकटी तार जवळजवळ मुकी असते. तिची कंपने घोडीमार्फत पेटीच्या पुढच्या फळीत उतरतात, तेव्हा कुठे आपल्याला स्वर ऐकू येतो. मग गिटारच्या गोड आवाजाचे श्रेय कोणाला द्यायचे? पुढच्या फळीला, की पाठीला आणि बाजूंना लावलेल्या किमती लाकडाला?

हा प्रश्न एका स्पॅनिश सुताराने प्रत्यक्ष गिटार बनवूनच सोडवायला घेतला. आंतोनिओ दे तोरेस (१८१७–१८९२) हा अल्मेरियाजवळचा. सुतारकाम शिकलेला तोरेस पुढे सेव्हिल शहरात गिटारी बनवू लागला. आजच्या अभिजात गिटारचा आकार, सुमारे ६५ सेंटिमीटर लांबीची तार आणि मोठी पेटी ही ठेवण मुख्यतः त्याच्याच कामातून रूढ झाली.

त्याचे खरे लक्ष पुढच्या फळीवर होते. फळी जाड ठेवली तर ती जड होते आणि तारेच्या क्षीण शक्तीने हलत नाही. फार पातळ केली तर तारांच्या ताणाने वाकते. जाडी निम्मी केली की वजन निम्मे होते, पण ताठपणा आठव्या हिश्शावर येतो. या पेचातून वाट काढण्यासाठी तोरेसने फळी पातळ ठेवली आणि आतून पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या बारीक पट्ट्या चिकटवल्या. अशा पट्ट्या त्याच्या आधीचे स्पॅनिश कारागीरही वापरत. तोरेसने त्यांची रचना अधिक पद्धतशीर केली. फळीसाठी त्याने स्प्रूसचे लाकूड घेतले. ते पाण्याच्या निम्म्याहूनही हलके असते, आणि वजनाच्या मानाने रेषांच्या दिशेत कमालीचे ताठ असते.

आवाज मुख्यतः या फळीतून येतो, हे दाखवण्यासाठी १८६२ मध्ये तोरेसने एक विलक्षण गिटार बनवली. पुढची फळी नेहमीसारखी स्प्रूसची. पाठ आणि बाजू मात्र चक्क पुठ्ठ्याच्या! ती ऐकणाऱ्यांनी तिच्या स्वराची प्रशंसा लिहून ठेवली आहे. आज ही गिटार बार्सेलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

शिक्षकांच्या दृष्टीने इथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे प्रयोगाची आखणी. जे महत्त्वाचे नाही असे वाटते, तेवढेच बदलायचे. बाकी सारे तसेच ठेवायचे आणि काय होते ते पाहायचे. अर्थात एका गिटारीवरून शेवटचा निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय समोर पुठ्ठा दिसत असताना ऐकणाऱ्याचे मन तटस्थ राहीलच असेही नाही.

दरम्यान बाजाराची समजूत वेगळीच राहिली. पाठ आणि बाजू ब्राझीलच्या रोजवूडच्या असतील तरच गिटार उत्तम, असे मानले जाई. हे लाकूड दुर्मिळ होत गेले, तेव्हा १९६९ च्या अखेरीस अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने आपल्याकडच्या शिसवीचा आधार घेतला. पलंगांमुळे आणि देव्हाऱ्यांमुळे आपल्या ओळखीची असलेली, पश्चिम घाटात वाढणारी ही शिसवी त्याच कुळातली. १९९२ मध्ये ब्राझीलच्या रोजवूडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आली. २०१७ मध्ये शिसवीसह त्या प्रजातीतल्या इतर सर्व जातींच्या व्यापारावरही निर्बंध आले. तयार वाद्यांना त्यातून २०१९ मध्ये सूट मिळाली, पण झाडांवरचे संकट त्यामुळे टळले असे नाही.

म्हणूनच २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला इंग्लंडमधला एक प्रयोग मोलाचा ठरतो. लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी पोलादी तारांच्या सहा गिटारी बनवून घेतल्या. फरक एवढाच, की पाठीचे आणि बाजूंचे लाकूड प्रत्येकीत वेगळे: ब्राझीलचे रोजवूड, शिसवी, महोगनी, मेपल, अक्रोड आणि सपेली. ५२ वादकांनी मंद उजेडात, डोळ्यांवर वेल्डरचे काळे चष्मे लावून त्या वाजवल्या. लाकूड दिसेनासे झाल्यावर मतांमधला फरकही जवळजवळ नाहीसा झाला. महाग लाकडाला स्वस्तापेक्षा विशेष गुण मिळाले नाहीत.

याचा अर्थ पाठ कशीही चालते, असा नव्हे. पेटीतली हवा कोंडून धरण्याइतकी ती भक्कम हवीच. पण त्यासाठी शतकभर वाढलेले झाड तोडावे लागत नाही. तोरेसने आणि लँकेस्टरच्या संशोधकांनी केले ते एकच: ‘सगळेच म्हणतात’ म्हणून मान्य न करता, एक गोष्ट बदलून पाहिली. पुठ्ठ्याचे खोके, लाकडी पेटी आणि पत्र्याचा डबा यांवर एकच नादकाटा टेकवून, डोळे मिटून ऐकण्याचा खेळ आपल्या वर्गातही सहज घेता येईल. मुलांनी आधी अंदाज लिहावा आणि मग ऐकावे, एवढीच अट.