रात्र, मचाण आणि वगळलेले कलम

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ची आजची प्रत उघडली तर कलम १७च्या जागी ते वगळल्याची नोंद तेवढी सापडते. लगेच १७-अ पासून वनस्पतींचे प्रकरण सुरू होते. मूळ प्रतीत मात्र तिथे शिकाऱ्याने काय करू नये, याची भरगच्च यादी होती. चाकाच्या वाहनातून शिकार करू नये, विष घालू नये, रान पेटवू नये, पाणवठ्यावर किंवा त्याच्या वाटेवर जनावर मारू नये, कृत्रिम उजेड वापरू नये, आणि सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात तर शिकारच करू नये. यांतल्या शेवटच्या दोन मनाईंना सारखाच अपवाद जोडलेला होता: मांसभक्षक जनावर त्याने मारलेल्या भक्ष्यावर येत असेल आणि परवान्यात तशी खास मुभा असेल, तर रात्रही चालेल आणि बॅटरीही.

हा अपवाद दयेपोटी नव्हता, तसा निर्दयपणातूनही नव्हता. चितळ किंवा ससा रात्री झोतात सापडला की दिपून जागीच थबकतो. त्याला तसे मारणे जुने शिकारीही हलके समजत. बिबट्याची गोष्ट निराळी. बैल मारून तो झाडीत जातो आणि अंधार पडल्यावर उरलेले खायला परततो. त्याला गाठायचे तर गाऱ्यावर, म्हणजे त्याने मारलेल्या भक्ष्यावर, मचाण बांधून रात्र काढण्याखेरीज फारसा मार्ग नसे. कायदा लिहिणाऱ्यांना हे ठाऊक होते, एवढे त्या अपवादाच्या शब्दांवरून दिसते.

त्याआधीच्या कागदांत हिंस्र जनावरांची बाजू जवळजवळ कोरी आहे. १९१२च्या पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत हरणे, गवे, रानम्हशी, गेंडे, ससे आहेत; वाघ-बिबटे नाहीत. खाल्ले जाणारे संरक्षित, खाणारे उघड्यावर! वाघ मारणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे, हे लक्षात घेतले की या यादीचे नवल वाटत नाही. राखीव जंगलात शिकारीचे नियम करण्याचा अधिकार १९२७च्या वन कायद्याने सरकारांना दिला होता, पण तो जंगलाच्या हद्दीपुरता.

रात्रीच्या शिकारीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण याच काळातले. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याने १९१८ ते १९२६ या काळात १२५ माणसे मारल्याची सरकारी नोंद आहे. जिम कॉर्बेटने २ मे १९२६च्या रात्री गुलाबराय इथे आंब्याच्या झाडावरून, बॅटरीच्या उजेडात त्याला टिपले. खाली गारा नव्हता, बांधलेली जिवंत बकरी होती. म्हणजे १९७२च्या कलमाचे शब्द काटेकोरपणे लावले, तर ही शिकार अपवादातही बसली नसती. अर्थात नरभक्षकासाठी १९७२च्या कायद्यात वेगळी वाट होती: कलम ११. माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेले जनावर मारायची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकत. या कलमात वेळेचा उल्लेख नाही. तेव्हाही नव्हता, आजही नाही.

१९९१च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकार संपवली. शिकारच नाही तर तिची शिस्त कशाला, या न्यायाने कलम १७ गेले. त्यात चुकीचे काही म्हणता येत नाही. कलम ११ मात्र राहिले, आणि पुढच्या दुरुस्तीने २००३पासून त्याला अट जोडली गेली: पकडणे, गुंगी देणे किंवा अन्यत्र हलवणे शक्य नाही, अशी खात्री झाल्याशिवाय मारण्याचा हुकूम देता येत नाही.

२ नोव्हेंबर २०१८च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात राळेगावजवळच्या बोराटी परिसरात टी-१ ऊर्फ अवनी ही वाघीण मारली गेली ती याच कलमाखाली. तिच्यावर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. राळेगाव-पांढरकवड्याच्या शेतकऱ्यांना शेतात जाणेही धास्तीचे झाले होते, हे विसरून या प्रकरणाचे कागद वाचू नयेत. वनखात्याच्या हुकुमात हस्तक्षेप करायला सर्वोच्च न्यायालयाने ११ सप्टेंबर २०१८ रोजी नकार दिला होता. हुकुमाचा क्रम स्पष्ट होता: आधी गुंगी देऊन पकडा, ते जमले नाही तरच गोळी.

वाद त्या रात्रीच्या क्रमाचा. पथकाचे म्हणणे असे की, उघड्या जीपमधून गुंगीचा डार्ट मारला, वाघीण अंगावर आली, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली. टीकाकारांनी विचारले, सूर्यास्तानंतर डार्ट मारायलाच कसे गेलात? राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी पथकाने अधिक टोचणारे मुद्दे काढले. पशुवैद्यक जागेवर नव्हता. औषध ५६ तास आधी मिसळलेले होते, जे २४ तासांत वापरायला हवे. आणि गोळीची जखम वाघीण समोरून चालून येत असल्याच्या कथनाशी जुळत नव्हती.

चाकाचे वाहन आणि रात्र. १९७२च्या यादीतल्या दोन मनाया त्या जीपमध्ये एकत्र आल्या होत्या. कलम १७ शिल्लक असते तर ही कारवाई बेकायदा ठरली असती, असे मात्र माझे म्हणणे नाही; ते परवान्यावरच्या शिकाऱ्याला उद्देशून होते, सरकारी पथकाला नव्हे. पण ज्या प्रश्नावर कायद्याने एकदा नेमके वाक्य लिहिले होते, तो आता मार्गदर्शक सूचना आणि चौकशी अहवाल यांच्यात लोंबकळत राहिला.

२०२१मध्ये प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले, अवमान याचिकेच्या रूपाने. तिचा भर वाघीण खरोखर नरभक्षक होती का आणि तिला मारणाऱ्यांचा गौरव झाला का, यांवर होता. २६ फेब्रुवारीला ती मागे घेण्यात आली.