रस्त्याची वर्गणी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या गावच्या पेठेत माझ्या अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. पावसाळा सरत आला, की पेठेतले एक कापडवाले शेठ पावतीपुस्तक घेऊन दुकानोदुकानी फिरायचे. गणपतीपासून दिवाळीपर्यंत पेठेत दिव्यांच्या माळा लागायच्या, रात्री राखणदार फिरायचा, त्याची ती वर्गणी. "मास्तर, यंदा किती लिहू?" शेठ विचारायचे. अब्बा आकडा सांगायचे. बकरी ईदही तेव्हा त्याच दिवसांत यायची, त्यामुळे माळा सगळ्यांच्याच होत्या.

पण चार-पाच दुकानदार हमखास चुकवायचे. माळ त्यांच्याही दारावरून जायची, उजेडात आलेलं गिऱ्हाईक त्यांच्याही पायऱ्या चढायचं. हळूहळू देणारे कुरकुरू लागले आणि एका वर्षी माळा लागल्याच नाहीत.

पुढे कॅनडातल्या टोरांटो शहराविषयी वाचताना मला ही पेठ आठवली. तिथे शहराच्या पश्चिम भागात ब्लूर नावाचा बाजाराचा रस्ता आहे. १९६४मध्ये टोरांटोत यॉर्कडेल हा भव्य मॉल उघडला आणि गिऱ्हाईक गाडी काढून तिकडे जाऊ लागलं. १९६६मध्ये भुयारी रेल्वे आली, १९६८मध्ये ती आणखी पश्चिमेला गेली. पूर्वी ट्राममधून दुकानं बघत जाणारी माणसं आता रस्त्याखालून जाऊ लागली. दुकानदारांची संघटना होती, वर्गणीही होती. पण काहीजण द्यायचे आणि फायदा सगळे घ्यायचे. अगदी आमच्या पेठेसारखंच!

त्या दुकानदारांनी सरकारकडे वेगळीच मागणी केली. आमच्यावर कर बसवा, पण तो सगळ्यांवर बसवा, आणि त्याचा पैसा आमच्याच रस्त्यावर खर्चू द्या. ओंटारिओ प्रांताने तसा कायदा केला आणि १९७०मध्ये टोरांटोच्या नगरपालिकेने या रस्त्यासाठी उपविधी मंजूर केला. व्यापारी सुधारणा क्षेत्र या कल्पनेचा जगातला पहिला प्रयोग तो हाच. पहिल्या वर्षाचं अंदाजपत्रक ४७,५०० डॉलरचं होतं. त्यातून दिवे आले, फुलझाडांच्या कुंड्या आल्या, बाकं आली, बाजाराची जाहिरात झाली.

व्यवस्था साधी आहे. आधी रस्त्याची हद्द ठरते. हद्दीतल्या प्रत्येक व्यापारी जागेच्या करमूल्याप्रमाणे तिचा वाटा ठरतो. नगरपालिका तो कराबरोबरच वसूल करते आणि क्षेत्राच्या मंडळाकडे सोपवते. मंडळ सभासदांनी निवडायचं, नगरपालिकेने त्यावर शिक्कामोर्तब करायचं. अंदाजपत्रकही दोघांच्या संमतीने. मुख्य म्हणजे हा पैसा वरकड कामासाठी असतो. रोजचा झाडू आणि पोलीस हे नगरपालिकेचं काम तिच्याकडेच राहतं.

कल्पना पसरली. १९७५पासून अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या मध्यवस्तीत ती सुरू झाली, १९८०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये रुजली. तिथल्या मोठ्या ग्रंथालयामागचं ब्रायंट पार्क १९७०च्या दशकात अमली पदार्थ विकणाऱ्यांचा अड्डा झालं होतं. १९८०मध्ये त्यासाठी एक संस्था निघाली. १९८८मध्ये दुरुस्तीसाठी बाग बंद झाली आणि १९९२मध्ये उघडली, तेव्हा तिथे हवी तिकडे उचलून नेता येतील अशा खुर्च्या ठेवल्या होत्या. दुपारी डबा खायला माणसं परत येऊ लागली.

त्याच शहरात या कथेची दुसरी बाजूही दिसते. ग्रँड सेंट्रल स्थानकाभोवती असंच क्षेत्र होतं. तिथल्या बेघरांना हाकलण्यासाठी मारहाण केली जाते, असा आरोप १९९५मध्ये संस्थेच्याच माजी कामगारांनी केला. संस्थेने तो नाकारला. दुसरा वाद मतांचा होता. मंडळात कायद्यानेच जागामालकांचं बहुमत होतं, तिथे राहणाऱ्या भाडेकरूंना एकच जागा. रहिवासी न्यायालयात गेले. १९९८मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला, की या मंडळाचं काम मर्यादित आहे, त्यावर शहराचा अंकुश आहे आणि खर्चाचा भार मुख्यतः मालकांवर आहे; तेव्हा एक माणूस, एक मत हा नियम इथे लागू नाही.

इंग्लंडने २००३च्या कायद्यात जरा निराळी वाट धरली. तिथे पट्टी बहुधा मालकाऐवजी दुकान चालवणारा भरतो आणि मतही तोच देतो. दुकानांच्या संख्येनेही बहुमत लागतं आणि त्यांच्या करमूल्यानेही, म्हणजे नुसते मोठे किंवा नुसते छोटे दुकानदार निर्णय रेटू शकत नाहीत. शिवाय पाच वर्षांच्या आत पुन्हा मतदान घ्यावंच लागतं.

हे वाचलं आणि अब्बांचा गाळा डोळ्यांपुढे आला. तो भाड्याचा होता. न्यूयॉर्कच्या हिशेबात आमच्या घरमालकाचं पारडं जड झालं असतं, आणि तो तर वर्षातून एकदा पेठेत यायचा. इंग्लंडच्या हिशेबात अब्बांना मत मिळालं असतं. पण आमच्याच पायरीशी बांगड्यांची पाटी घेऊन एक बाई बसायची, सगळे तिला खाला म्हणत. तिला कोणत्याच हिशेबात मत नव्हतं. माळा बंद झाल्या त्या वर्षी सर्वांत आधी तिचा धंदा बसला. दुकानदारांकडे आपापले दिवे होते, तिच्याकडे पेठेचाच उजेड होता. माळा बंद करताना तिला कुणी विचारलं नाही, कारण पावतीपुस्तकात तिचं नाव नव्हतं.

मुंबईत काळा घोडा भागासाठी १९९८मध्ये संस्था निघाली आणि १९९९पासून महोत्सव सुरू झाला. तिथला पैसा देणगीदारांचा आणि प्रायोजकांचा, सक्तीच्या पट्टीचा नाही. दुसरीकडे, २०१४च्या पथविक्रेता कायद्याने शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींसाठी ठेवल्या आहेत. एकीकडे पैशाची सोय आहे, दुसरीकडे मताची. आपल्या पेठांना दोन्हींची गरज आहे.

सक्तीच्या वर्गणीला माझा विरोध नाही. ती असती तर आमच्या माळा विझल्या नसत्या. पण उद्या कुणी असं पुस्तक घेऊन माझ्या दारी आलं, तर पैसे देण्याआधी मी त्यात खालाचं नाव कुठे आहे ते बघेन.